दुसऱ्याने भरलेली काडतुसं

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गावातले झाडून सगळे पुरुष चांदमारीच्या मैदानावर जमायचे आणि वर्षभर साठवलेली अक्कल एकमेकांच्या अंगावर सांडायचे. आर्डिस टॉस्ट्रुडला हा प्रकार इतक्या वर्षांत एकदाही आवडला नव्हता. तरी ती दरसाल यायची. हरणांचा मोसम महिन्यावर आलेला असायचा, आणि रायफलीवरची दुर्बीण जुळलेली आहे की नाही हे घरी सोफ्यावर बसून कळत नाही. शिवाय यंदा सोडतीत तिच्या नावाने परवाना निघाला होता. हरीण पडलं तर फ्रीझर भरणार होता, नाही पडलं तर हिवाळाभर दुकानातलं पाणचट गोमांस खावं लागणार होतं, आणि पूर्व मोंटानात जन्मलेल्या बाईला ते कसं चालेल?

सांडली जाणारी अक्कल बहुतेक एकाच विषयावरची असे: काडतुसं विकत घ्यावीत की घरी भरावीत. बार काढला की पितळेची पुंगळी मागे राहते. ती फेकायची नाही. घरी न्यायची, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी ठोकायची, तोलून दारू भरायची, प्रेस नावाच्या दांड्याच्या यंत्राने तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची, की झालं नवं काडतूस. पुंगळी फुकटची, म्हणून पैसे वाचतात, असं या मंडळींचं गणित होतं.

"बाहत्तर सेंट!" गेलन ह्रुस्का घडीच्या खुर्चीत पाय पसरून सांगत होता. रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरं काम नव्हतं. "बाहत्तर सेंटांत माझा एक बार पडतो. डेल्मरच्या दुकानात त्यालाच अडीच डॉलर."

"प्रेस धरलीस का त्यात?" कुणीतरी विचारलं.

"प्रेस काय दरवर्षी घेतो का मी?"

"गेल्या वर्षी घेतलीस की."

"जुनी ढिली झाली होती."

"आणि तो विजेवर चालणारा तराजू?"

"तराजू वेगळा. तराजू काय, माणसाला लागतोच."

सगळे हसले. गेलनही हसला, कारण त्याला वाटलं आपण जिंकलो. आर्डिसने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक बार स्वस्त पडतो म्हणून ही माणसं तीन काढत आणि तिसरा फुकटात पडला असं समजत. गेलनच्या बायकोचा हिवाळी कोट दहा वर्षं तोच होता. वाचलेले पैसे कुठे आहेत हे त्या बिचारीला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिला तळघरातल्या फळ्या दाखवाव्या लागल्या असत्या. बरं, जे काडतुसं विकत घेत तेही काही शहाणे नव्हते. ते डेल्मरला अडीच अडीच डॉलर मोजत, वर त्याचे आभार मानत, आणि नेम चुकला की काडतुसाला शिव्या देत.

तिचा स्वतःचा नवरा याच पंथातला होता. व्हर्लिन सत्तरी ओलांडलेला, रेल्वेतून निवृत्त, आणि लग्न झाल्यापासून तळघरात काडतुसं भरणारा. त्याच्यावरही तिने आयुष्यभर तोंडसुख घेतलं असतं, पण एक अडचण होती. तिची रायफल होती बापाची, जुन्या मापाची, दोनशे सत्तावन्न रॉबर्ट्स. त्या मापाची काडतुसं दुकानं ठेवत नाहीत, आणि ठेवली तर सोन्याच्या भावाने विकतात. व्हर्लिन ती निम्म्याहून कमी पैशांत भरून द्यायचा, आणि अशी भरायचा की शंभर वारांवरच्या तिन्ही गोळ्या एका कॉफीच्या कपाखाली झाकल्या जाव्यात. म्हणजे उभ्या गावात ज्याचे पैसे खरोखर वाचत होते असा एकच माणूस होता आणि तो नेमका तिच्या घरात होता. हे तिला जरा खुपायचं.

गेल्या वर्षभरात व्हर्लिनचं डोकं मधूनमधून दगा देऊ लागलं होतं. सहकारी पेट्रोलपंपावर पिकअप उभी करून तो पायी घरी आला होता, आणि गाडी चोरीला गेली म्हणून संध्याकाळपर्यंत बसून राहिला होता. कुत्र्याला मागच्याच्या मागच्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा. बिलिंग्स शहरातल्या डॉक्टरने एक लांबलचक नाव सांगितलं आणि एक पातळ पुस्तिका दिली. तो डॉक्टर नातवाच्या वयाचा होता, आर्डिसने त्याची पुस्तिका त्याच्याच दवाखान्याच्या कचरापेटीत टाकली होती. पण तळघरात व्हर्लिन अजून तोच होता. सकाळी कॉफी झाली की खाली उतरायचा, आणि वर प्रेसच्या दांड्याचा खालीवर होणारा आवाज यायचा, जरासुद्धा न अडखळता. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, असं ती भांडी विसळता विसळता स्वतःला सांगायची. तेवढा एक आवाज सकाळी येत होता तोवर तिचा दिवस नीट जायचा.

या भरणाऱ्या मंडळींत एक रीत होती. दुसऱ्याने भरलेलं काडतूस कधी झाडायचं नाही. त्याने किती दारू घातली, कुठली घातली, तेव्हा त्याचं लक्ष होतं की टीव्हीवर सामना चालू होता, हे आपल्याला काय ठाऊक? तरीही नाताळात एकमेकांना भरलेले खोके भेट द्यायचे, हीदेखील रीतच होती. घेणारा तोंडभरून आभार मानायचा, घरी नेऊन प्लास्टिकच्या हातोड्याच्या पोकळ डोक्यात बसवून एकेक काडतूस उपसायचा, गोळी आणि पुंगळी ठेवून घ्यायचा आणि दारू बायकोच्या गुलाबांना घालायचा. देणाऱ्यालाही हे माहीत असायचं. कुणी बोलायचं नाही, कुणाला वाईट वाटायचं नाही. व्हर्लिन दरसाल असे सात-आठ खोके वाटायचा. त्याची काडतुसं खरोखर झाडणारी उभ्या जिल्ह्यात एकटी आर्डिस होती.

चांदमारीवर त्या दिवशी क्लबचा अध्यक्ष म्हणून डेल्मर फिस्क नारिंगी जाकीट घालून मिरवत होता. गावात हार्डवेअरचं दुकान त्याचंच. एका बाजूला टेबल मांडून त्याने काडतुसांचे खोके रचले होते, शेजारी त्याच्या बायकोने राजम्याच्या चिलीचं पातेलं आणि दालचिनीचे रोल मांडले होते. आर्डिसने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि डेल्मर त्यातली सहा वर्षं मधल्या बाकावर बसून पुढच्या मुलींच्या वेण्या ओढत आला होता. आता त्याला टक्कल पडलं होतं, तरी तो तिला मिसेस टॉस्ट्रुडच म्हणायचा.

आर्डिस सिमेंटच्या बाकाशी बसली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली. व्हर्लिनने खोका उघडून तिच्या उजव्या हाताशी ठेवला आणि स्वतः डोळ्याला दुर्बीण लावून तिच्या खांद्याशी उभा राहिला.

"वारा डावीकडून आहे," तो म्हणाला. "फार नाही."

तिने एक काडतूस नळीत सारलं, नळी मागून बंद करणारा बोल्ट खाली केला, गाल लाकडाला टेकवला.

"थांबा!" डेल्मर ओरडला. "सगळ्यांनी थांबा! बोल्ट उघडा! समोर गाय आलीय!"

सगळे थांबले. समोर मैदान होतं, मातीचा बांध होता, आणि आभाळ होतं. गाय कुणालाच दिसली नाही. डेल्मरने बराच वेळ डोळ्यांवर हात धरून तिला शोधलं आणि मग नाइलाजाने चालू करा म्हणाला.

तिने पुन्हा गाल टेकवला.

"थांबा! वाऱ्याचं निशाण वाकलंय!"

"ते मे महिन्यापासून वाकलंय," आर्डिस म्हणाली.

"हो, पण आज नियमाचा दिवस आहे, मिसेस टॉस्ट्रुड."

एक माणूस मैदानात जाऊन काठी सरळ करून आला. ती पुन्हा वाकली. आर्डिसला राग यायला लागला होता. माणसाच्या अंगावर नारिंगी जाकीट चढलं की काय होतं, हे तिने शाळेच्या मुख्याध्यापकांपासून बघितलं होतं. तिने तिसऱ्यांदा बोल्ट खाली केला. आणि बसवाल्या बाईची जुनी खोड, मागे फार शांत झालं की वळून बघायचं, तशी ती वळली.

गेलनची घडीची खुर्ची डेल्मरच्या ट्रकमागे गेली होती, आणि गेलनही. दोघंजण छपराच्या खांबाआड उभे होते, जणू तिथे सावली जास्त होती. डेल्मरच्या बायकोने चिलीच्या पातेल्यावर झाकण ठेवून ते उचलून धरलं होतं. सगळ्या बाकांमागची जागा रिकामी होती. तिच्या खांद्याशी फक्त व्हर्लिन उभा होता, तसाच, दुर्बिणीला डोळा लावून.

"मार की," तो म्हणाला. "वारा पडलाय."

आर्डिसने बोल्ट उघडला, काडतूस काढून तळहातात घेतलं आणि उठली.

"कॉफी घेऊन येते," ती नवऱ्याला म्हणाली.

डेल्मरच्या टेबलाशी जाऊन तिने कॉफी ओतून घेतली आणि काडतूस त्याच्यासमोर उभं ठेवलं.

"डेल्मर, गाय कुठाय?"

"कुठली गाय?"

"मघाची."

"गेली असेल."

"तुझे कान लाल झालेत. तू सहावीत असताना बसमध्ये बेडूक सोडलास तेव्हाही असेच झाले होते. बोल."

डेल्मरने गेलनकडे बघितलं. गेलन ट्रकमागून बाहेर आला, पण हळूहळू.

"व्हर्लिनने नाताळात मला खोका दिला होता," डेल्मर खालच्या आवाजात म्हणाला. "नेहमीसारखा. मी घरी नेऊन उपसला. नेहमीसारखा. विसातल्या तिनांत भलतीच दारू निघाली, मिसेस टॉस्ट्रुड. तळाला रायफलीची होती, बरोबर होती. पण वर पिस्तुलाची. मला वाटतं मापाच्या भांड्यातली संपत आली असणार आणि त्याने वरून दुसऱ्याच डब्यातली ओतली असणार."

"माझ्या खोक्यात दोन होती," गेलन म्हणाला.

काडतुसं भरणाऱ्याने टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा, हे इथल्या अर्ध्या गावाला व्हर्लिननेच शिकवलं होतं. आर्डिसला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पिस्तुलाची दारू भडकन जळते. रायफलीत गेली तर गोळी पुढे सरकायच्या आत सगळा जोर मागे येतो, बोल्टवर, आणि बोल्टच्या मागे झाडणाऱ्याचं तोंड असतं.

"नाताळात," ती म्हणाली.

"हो."

"आता सप्टेंबर आहे."

"त्याला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो गं," गेलन म्हणाला. "आम्हा सगळ्यांचा गुरू तो. त्याला तोंडावर कसं सांगायचं, की बाबा, तुझं आता..."

"तुम्ही सगळे उपसता. मी कुणाची झाडते असं वाटलं तुम्हाला?"

डेल्मर वाकला आणि टेबलाखालून एक खोका काढून तिच्यासमोर ठेवला. नवा, न फोडलेला. दोनशे सत्तावन्न रॉबर्ट्स. वर चौऱ्याहत्तर डॉलरची चिकटपट्टी.

"मी फेब्रुवारीतच मागवून ठेवला होता," तो म्हणाला. "वाटलं, तुम्ही कधीतरी मागाल."

"या मापाची रायफल इथे किती जणांकडे आहे?"

"तुमच्याकडेच."

"म्हणजे तू मला विसरला नव्हतास." आर्डिसचा आवाज बसमध्ये चढायचा तसा चढला नाही, उलट खाली गेला. "विसरला असतास तर मी तुला एक वेळ सोडलं असतं. पुरुषांच्या डोक्यात बाईची रायफल राहत नाही, म्हटलं असतं. पण तू आठवण ठेवलीस, मागवलास, किमतीची चिठ्ठी चिकटवलीस, आणि टेबलाखाली ठेवून वाट बघत बसलास. आणि आज काय, तर गाय! मी चौथ्यांदा बसले असते तर काय आणलं असतंस? हत्ती?"

डेल्मरच्या कानांचा लाल रंग आता मानेपर्यंत पसरला होता. त्याच्या बायकोने पातेलं पुन्हा टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यात आर्डिसला थोडं समाधान वाटलं. त्या बाईला माहीत नव्हतं तर. तिला फक्त पातेलं उचल म्हणून सांगितलं होतं.

"ऐक ना," गेलन पुढे झाला. चांगुलपणा त्याच्या चेहऱ्यावरून तुपासारखा ओघळत होता. "आज खांदा दुखतोय म्हण आणि घरी जा. पुढचं माझ्यावर सोड. मी तुझ्यासाठी भरीन, व्हर्लिनच्याच खोक्यांत घालून गुपचूप आणून देईन. त्याने भरलेली मी नेत जाईन आणि उपसत जाईन. त्याची सकाळ जाईल, तुझा बार निघेल. त्याला आयुष्यात कळणार नाही."

आर्डिसने कॉफीचा घोट घेतला. आणि त्या घोटापुरता तिला मोह झाला, हे खरं. प्रेसचा आवाज सकाळी येत राहिला असता. पण मग तिला दिसलं, व्हर्लिन तळघरात बसून तोलूनमापून, जीव लावून काडतुसं भरतोय, आणि ती सगळी गेलनच्या हातोड्याखाली चाललीत. रडू नये म्हणून तान्ह्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तसं. आणि गेलन ह्रुस्का दर रविवारी चर्चमध्ये तिच्याकडे बघून हळूच मान हलवणार. तिला शिसारी आली.

"तुमच्या चांगुलपणाला आग लागो," ती म्हणाली. तिने काडतूस उचललं आणि बाकाकडे निघाली. तेवढी वीस-पंचवीस पावलं तिला जड गेली. काय गमावणार हे तिला नीट माहीत होतं.

"व्हर्लिन, तुझी काडतुसं आता बरोबर नाहीत."

त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला. "कोण म्हणतं?"

"डेल्मर आणि गेलन. नाताळचे खोके त्यांनी उपसले. पिस्तुलाची दारू निघाली."

व्हर्लिन हसला. खरोखरच हसला. "गेलन? त्याला पुंगळीचं बूड कुठलं आणि तोंड कुठलं हे मी दाखवलं. गेलन! तुझा हातोडा आण इकडे!"

गेलनने पेटीतून हातोडा काढून आणला. व्हर्लिनने आर्डिसच्या हातातलंच काडतूस घेतलं, हातोड्याच्या डोक्यात बसवलं आणि सिमेंटवर ठोकलं. दोन ठोक्यांत गोळी सुटली. दारू त्याने तळहातावर ओतली. पेन्सिलीचं शिसं बारीक कापावं तसे काळे तुकडे, सगळे सारखे.

"ही काय? पिस्तुलाची?"

"नाही," गेलन म्हणाला.

दुसरं उपसलं. तेही ठीक. तिसरंही. व्हर्लिनला चेव चढला.

"काय रे डेल्मर, दुकान चालत नाही का? म्हाताऱ्याची काडतुसं खराब म्हणून आवई उठवायची, आणि आपला खोका खपवायचा! शिकलास कुठे हे, बिलिंग्सला? अजून एक. बघा, डोळे फाडून बघा. आर्डिस, बघ ही लबाड मंडळी."

आणि आर्डिस बघत होती. जन्मात तिने एवढं मनापासून काही मागितलं नव्हतं: ही दोघं मूर्ख ठरावीत, आणि हा बडबड्या, हिशेबी, वैताग आणणारा माणूस खरा ठरावा. अर्धा खोका उपसून झाला. ट्रकमागची मंडळी जवळ येऊन गोल करून उभी राहिली होती. कुणीतरी हसायलाही लागलं होतं.

मग त्याने आणखी एक ठोकलं आणि तळहातावर ओतलं. काळ्या तुकड्यांत करड्या, चपट्या, गोल चकत्या होत्या. बऱ्याच होत्या.

व्हर्लिनने बोटाने त्या बाजूला सारायला सुरुवात केली, काळे एकीकडे, करड्या एकीकडे, गव्हातले खडे निवडावेत तशा. मग तो थांबला. त्याने हात उलटा केला आणि सगळं खाली सांडू दिलं.

समोरच्या बांधावर कागदी निशाणं फडफडत होती.

"नाताळापासून?" त्याने डेल्मरला विचारलं.

"हो, व्हर्लिन."

"आणि हिला सांगितलं नाहीत."

"तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही..."

"मला?" व्हर्लिन म्हणाला. "अरे गाढवा, मला काय वाटेल हे घेऊन बसलास? रायफलीला गाल तिचा टेकतो!"

आर्डिसने गेल्या वर्षभरात त्याचा इतका स्वच्छ आवाज ऐकला नव्हता. डेल्मर काहीतरी पुटपुटला. गेलन आपला हातोडा पुसू लागला, त्यावर काही नसताना. व्हर्लिन त्या दोघांकडे एकदा नीट बघून डेल्मरच्या टेबलापाशी गेला. तिथे तो नवा खोका अजून तसाच होता. त्याने पाकीट काढलं आणि वीसच्या चार नोटा ठेवल्या.

"राहू दे, व्हर्लिन," डेल्मर धावत आला. "माझ्याकडून घे."

"पैसे घे."

डेल्मरने पैसे घेतले, सहा डॉलर परत दिले. लग्नानंतर व्हर्लिनने भरलेल्या काडतुसांचा खोका दुकानातून कधी घेतला नव्हता. दुसऱ्या कुणी घेतला तरी तो खिडकीतून ओरडून किंमत विचारायचा आणि मोठ्याने भागाकार करायचा. आर्डिस वाट बघत होती. आता म्हणेल, चोर आहेस. आता म्हणेल, एवढ्यात मी चार खोके भरले असते. तो काही म्हणाला नाही. खोका फोडून तिच्या उजव्या हाताशी ठेवला आणि पुन्हा तिच्या खांद्याशी उभा राहिला.

तिने तीन बार काढले. तिसऱ्याला गोळी जरा उजवीकडे गेली.

"चालेल," व्हर्लिन म्हणाला. "हरीण काही कॉफीचा कप नाही."

परत जाताना पिकअप तिने चालवली. त्याने न सांगताच किल्ली तिच्या हातात दिली होती. दोन्हीकडे कापलेला गहू होता, नुसती धसकटं, आणि रस्ता सरळ. रेल्वेचं फाटक गेल्यावर तो म्हणाला, "प्रेस देऊन टाक कुणाला तरी. गेलनला नको."

"गेलनला तर नाहीच."

"वरती नको आणूस मला दाखवायला. मी झोपलेला असताना ने."

"बरं."

पुन्हा काही मैल गेले. आर्डिसला वाटलं, झालं, आता घरी जाऊन सूप गरम करू. तो खिडकीकडे वळून बसला होता. हात गुडघ्यांवर होते, पालथे, आणि बोटांच्या कडांना दारूचा काळसर रंग लागलेला होता.

"आर्डिस."

"काय?"

"नाताळापासून माझी किती झाडलीस?"

एप्रिलात ती भावाच्या गोठ्यावर आठवडाभर राहिली होती. गाई वीत होत्या आणि कोल्हे वासरांवर टपून होते. तिने रोज पहाटे कुंपणाशी बसून अख्खा एक खोका आणि वर निम्मा दुसरा झाडला होता. त्यातल्या एका बाराला खांद्याला असा हिसका बसला होता की डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि बोल्ट इतका घट्ट अडकला की तिने तो बुटाच्या टाचेने लाथ मारून उघडला होता. मग थंडीच्या नावाने बोटं मोडली होती.

"एकही नाही," ती म्हणाली. "हिवाळ्यात कोण जातंय? आणि नंतर खांदा दुखत होता."

"बरं झालं," व्हर्लिन म्हणाला, आणि इतका मोठा श्वास सोडला की खिडकीची काच धुरकट झाली.